गिऱ्हाइकाची कैफियत

बेळगाव शहरात किर्लोस्कर रोड नावाचा एक रस्ता आहे. लग्नाचा बस्ता बांधण्यासाठी, दवाखान्यासाठी किंवा कोर्टकचेरीच्या कामासाठी निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूर या बाजूंनी शहरात येणारी माणसे ते नाव दिवसातून चार वेळा उच्चारतात; परंतु ज्या घराण्याची कीर्ती सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीशी कायमची जोडली गेली, त्याचे नाव बेळगावच्या रस्त्याला का असावे, अशी पृच्छा करणारा इसम क्वचितच भेटतो. मला स्वतःला ती करावीशी वाटली ती एका निराळ्याच कारणाने. पुण्याला आणि बंगळुरूला ‘प्रॉडक्ट मॅनेजर’ या हुद्द्यावर काम करणारी आमच्या सीमाभागातील पुष्कळ मुले-मुली आता पाहण्यात येतात, आणि त्यांचे आईवडील, चिरंजीव नेमके काय करतात या प्रश्नाला, ‘कंपनीत आहे’ एवढे मोघम उत्तर देऊन चहा पुढे करतात. कोणता जिन्नस करावा, कोणासाठी करावा, त्यात काय असावे आणि काय नसावे, हे ठरविण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे, परंतु जो तो स्वतःच्या हाताने घडवीत नाही आणि जे घडवितात त्यांच्यावर ज्याची हुकमत चालत नाही, असा हा चमत्कारिक कामगार आहे. जिज्ञासा आणि समानुभूती ही त्याच्या यशाची दोन साधने होत, असे या धंद्यातील जाणते लोक एकमुखाने सांगतात. ते खोटे नाही. पण ते जितके सहज सांगितले जाते तितके सोपेही नाही, आणि त्याचा पडताळा पाहावयाचा तर त्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचे कारण नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. चित्रकलेची आवड म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले; परंतु काही रंग आपल्या डोळ्यांना नीट ओळखता येत नाहीत असे ध्यानात आल्यावर त्यांनी कुंचला ठेवून यांत्रिक रेखाटन हाती घेतले आणि व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची जागा पत्करली. त्या काळात सायकल हे नवलाईचे वाहन होते. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवावयाच्या आणि वडील बंधू रामूअण्णांनी त्या बेळगावात विकावयाच्या, असा धंदा दोघा भावांनी सुरू केला. पुढे बढतीच्या वेळी आपल्याला डावलण्यात आले म्हणून नोकरी सोडून लक्ष्मणरावही बेळगावास आले. या धंद्यातील जी एक बारीकशी गोष्ट चरित्रकार ओझरती सांगून पुढे जातात, तिच्यापाशी मी अडखळतो. हे बंधू सायकल विकीत, त्याचप्रमाणे पंधरा रुपये घेऊन ती चालविण्यासही शिकवीत. ज्याच्या खिशात पैसा आहे आणि मनात हौस आहे असा वकील किंवा सावकार सायकलीच्या दुकानाशी येऊन परत का जातो, याचे उत्तर किमतीत शोधणारा दुकानदार किंमत उतरवील. भर रस्त्यावर, ओळखीच्या माणसांदेखत धोतरासकट धूळ चाटण्याची नामुष्की त्याच्या डोळ्यांपुढे उभी आहे, हे ज्याला दिसेल तोच त्याला शिकविण्याची तजवीज करील. शिकवणीपासून दुकानाला मिळकत झाली हे तर खरेच. पण गिऱ्हाइकाच्या न बोललेल्या भीतीचा तो नेमका इलाज होता, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

सायकलीनंतर कडबा कापण्याचे यंत्र आले, आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. हा नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, असे या दोन वर्षांचे कारण सर्वत्र दिले जाते, आणि ते देताना सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर, बिचारे अडाणी लोक, असा भाव असतो. मला मात्र असे वाटते की, ‘समजूत’ हा शब्द उच्चारला की चौकशी थांबते, आणि चौकशी थांबविण्यासाठीच तो बहुधा उच्चारला जातो. त्या शेतकऱ्याची कैफियत जरा सावकाश लिहून घेतली तर काय दिसते? त्याचा लाकडी नांगर गावच्या सुताराने केलेला असे. सुतार बलुतेदार होता. वर्षभर नांगराची डागडुजी त्याने करावी आणि सुगीला खळ्यावर येऊन आपला धान्याचा वाटा न्यावा, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा करार होता, ज्याला कागद नव्हता पण ज्याची मोडतोड करण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. लोखंडी नांगर शेतात आला की हा करार निकालात निघतो. भर पेरणीच्या तोंडावर फाळ मोडला तर तो बेळगावास न्यावयाचा की सुताराच्या दारी? सुतार म्हणणार, ज्याच्याकडून आणलास त्याच्याकडे जा. नांगराला रोख रक्कम मोजावयाची, आणि ती बहुधा सावकाराची. काळ्या चिकट जमिनीत लाकडी नांगराला चार-चार, सहा-सहा बैलजोड्या जुंपाव्या लागत आणि त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून सावडीने आणाव्या लागत. एक-दोन जोड्यांवर काम भागू लागले तर ती सावडही सुटते, आणि सावड सुटली की मळणीच्या वेळी हाक कोणाला मारावयाची? इतक्या सर्व भयांना एका वाक्यात बसविणारा शेतकरी, लोखंडाने जमीन बिघडते, एवढेच म्हणणार. ही माझी फोड आहे, कोणाच्या दप्तरातला दाखला नव्हे. परंतु ज्यांनी खेड्यात कोणताही नवा जिन्नस विकून पाहिला आहे ते तिला हसणार नाहीत.

लक्ष्मणरावांचे मोठेपण या दोन वर्षांत आहे. नांगर पडून असताना त्यांनी शेतकऱ्यांना शिव्याही दिल्या नाहीत आणि नांगरही सोडला नाही. पुढे त्याच नांगराने कारखान्याला नाव दिले. कारखाना वाढल्यावर, १९२० मध्ये, शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे मासिक काढले. आरंभी ते कारखान्याची वार्ता विक्रेत्यांना आणि गिऱ्हाइकांना कळविण्यासाठी होते. पण मासिक सुरू झाले की पत्रे येऊ लागतात, आणि नांगर कोठे मोडला हे कारखानदाराला घरबसल्या कळविणारा असा मार्ग त्या काळात दुसरा नव्हता. त्याच मासिकातून पुढे मराठी वाङ्मयाला काय लाभले तो इतिहास निराळा, आणि या लेखाच्या कक्षेबाहेरचा.

आता जरा दूरवर दृष्टी टाकू. उत्पादनाचा सांभाळ करणारा स्वतंत्र अधिकारी असावा, ही कल्पना ‘प्रॉक्टर अँड गॅम्बल’ या साबणाच्या कंपनीतील नील मॅकेलरॉय या तरुणाने १३ मे १९३१ च्या एका टिपणात मांडली, असे मानतात. त्याच्याकडे ‘कॅमे’ नावाचा साबण होता आणि घरच्याच ‘आयव्हरी’ साबणापुढे तो फिका पडत होता. प्रत्येक मालाला आपला स्वतंत्र वाली हवा, आणि माल जेथे खपत नाही तेथे जाऊन त्या वालीने दुकानदार व वापरणारे यांची स्वतः गाठ घ्यावी, असा त्या टिपणाचा आशय होता. हा गृहस्थ पुढे त्या कंपनीचा अध्यक्ष आणि १९५७ मध्ये अमेरिकेचा संरक्षणमंत्री झाला. लक्ष्मणरावांपेक्षा दोनच वर्षांनी वडील असलेले जपानचे साकिची टोयोडा यांनी हातमागावर राबणारी आपली आई पाहिली, तिचे श्रम कमी करण्याच्या ध्यासाने माग सुधारला आणि १८९१ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. दोष दिसला की ‘का’ हा प्रश्न पाच वेळा विचारण्याची टोयोटा कारखान्यातील रीत त्यांच्याच नावावर सांगतात. प्रॉडक्ट मॅनेजरचा हुद्दा नवा असला तरी काम जुनेच आहे, एवढे यावरून दिसते.

समानुभूती हा शब्द आपल्याकडे अलीकडे घडविला गेला; परंतु त्यामागची क्रिया आपल्या परंपरेला अपरिचित नाही, आणि तिचे नाव परकायाप्रवेश असे आहे. शंकराचार्य आणि मंडनमिश्रांच्या पत्नी उभयभारती यांच्या वादाची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. गृहस्थाश्रमाविषयीच्या प्रश्नांना संन्याशाने उत्तर कोठून द्यावे? आचार्यांनी मुदत मागून घेतली आणि अमरू नावाच्या मृत राजाच्या देहात प्रवेश करून तो अनुभव घेतला. ही कथा सांगताना तिचा उत्तरार्ध लोक विसरतात. त्या देहात आचार्य रमले, आणि त्यांना स्वरूपाची आठवण करून देण्यासाठी शिष्यांना तेथवर जावे लागले. गिऱ्हाइकाच्या देहात शिरणे जितके अगत्याचे, तितकेच त्यातून वेळेवर बाहेर पडणेही अगत्याचे आहे. शेतकरी म्हणाला नांगर हलका करा म्हणून हलका केला, दुसरा म्हणाला जड करा म्हणून जड केला, असे करणारा कारखानदार गिऱ्हाइकाशी समरस झालेला असतो यात संशय नाही. पण त्याचा नांगर चालत नाही.

जिज्ञासेवाचून कळवळा किती दुबळा ठरतो, याचे आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण नॅनो मोटारीचे. पावसात एकाच स्कूटरवर बसलेले चौघांचे कुटुंब पाहून रतन टाटांच्या मनात तिची कल्पना आली; जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात ती एक लाख रुपयांची मोटार म्हणून जगापुढे ठेवली गेली, आणि दहा वर्षांच्या आतबाहेर तिचा कारखाना थंडावला. सर्वांत स्वस्त मोटार म्हणून तिचा डांगोरा पिटला गेला ही चूक झाली, असे पुढे टाटांनीच बोलून दाखविले. कुटुंब भिजते आहे हे कळवळ्याने पाहिले. परंतु मोटार घेणारा माणूस कोरडे राहण्यासाठी मोटार घेतो की सोयऱ्याच्या दारात ती उभी करण्यासाठी, हा काहीसा अवघड प्रश्न विचारावयाचा राहून गेला. सरकारच्या सुधारित चुलींचेही तसेच झाले. १९८० च्या दशकात गावोगाव बिनधुराच्या चुली बांधून देण्याची मोहीम निघाली, हेतू अत्यंत स्तुत्य होता, आणि तरीही अनेक घरांतून त्या चुली अडगळीत गेल्या. आमच्या भागात ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरवून विस्तवाच्या धगीला उभी करतात, मग ती टम्म फुगते; जिच्या तोंडाशी भाकरी उभी करता येत नाही ती चूल धूर करो वा न करो, ती आमच्या बायकांच्या लेखी चूलच नव्हे. ही एक गोष्ट कळण्यासाठी कोणत्याही स्वयंपाकघरात अर्धा तास बसणे पुरेसे होते. पण चुलीच्या मसुद्यावर सह्या करणाऱ्यांपैकी किती जणांनी आयुष्यात भाकरी थापली असेल?

येथपर्यंतचा विषय, विचारले की नाही, एवढाच होता. याहून कठीण प्रश्न, कोणाला विचारले, हा आहे, आणि त्याचा धडा निपाणीत मिळतो.

काही वर्षांपूर्वी एक हुशार, नम्र तरुण तंबाखूचा रोजचा दर मोबाईलवर दाखविण्याची योजना घेऊन आमच्याकडे आला होता. त्याने चार दिवस गावात मुक्काम केला, वही भरून टिपणे घेतली. त्याची तळमळ खरी होती. शेवटच्या दिवशी पारावर त्याने आपले यंत्र सर्वांना दाखविले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग एक म्हातारा शेतकरी तंबाखूची चिमूट तळहातावर मळता मळता म्हणाला, “दर कळला ओ साहेब. पन काट्यापाशी तुमचा मोबाईल उभा ऱ्हातोय काय?” तो तरुण हसला आणि त्याने ती गोष्ट वहीत टिपली नाही. शेतकऱ्याचे नुकसान दरात होते तितकेच किंवा त्याहून अधिक वजनात, घटीत आणि प्रत ठरविताना होते, हे त्या एका वाक्यात होते. परंतु ते त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नव्हते, म्हणून ते त्याला विनोदासारखे ऐकू आले. ती योजना पुढे कोठे गेली ते कळले नाही.

शरद जोशींची रीत याच्या उलट होती. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील जागतिक टपाल संघटनेची नोकरी सोडून ते परत आले आणि १९७७ मध्ये चाकणजवळ आंबेठाण येथे कोरडवाहू जमीन घेऊन स्वतः कसू लागले. शेतकऱ्याचे दुःख समजून घेण्यासाठी त्यांनी सहानुभूतीचे भाषण केले नाही; रोजकीर्द ठेवली. पिकाला खर्च किती आला आणि हाती काय पडले, याचा स्वतःच्याच शेताचा हिशेब त्यांनी मांडला आणि त्या हिशेबातून शेतकरी संघटना उभी राहिली. १९८१ च्या मार्च महिन्यात निपाणीजवळ पुणे-बंगळूर रस्त्यावर तंबाखू उत्पादक हजारोंच्या संख्येने ठाण मांडून बसले, आणि ६ एप्रिलला गोळीबार होऊन त्यांतील काही जण प्राणास मुकले. तो काही जिन्नस विकण्याचा प्रसंग नव्हता, म्हणून येथे त्याचा विस्तार करीत नाही. परंतु परकायाप्रवेश हिशेबाच्या वहीतून होतो, एवढे जोशींनी दाखविले.

आणि तरीसुद्धा तंबाखूच्या या साखळीत ज्यांची कैफियत कोणीच लिहून घेतली नाही अशी एक मोठी जमात उरतेच. निपाणीच्या कोणत्याही जुन्या गल्लीत दुपारी डोकावावे. उंबऱ्याशी, उजेडाच्या बाजूला तोंड करून, मांडीवर सूप घेऊन बाई बसलेली असते. रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पाने ती पत्र्याच्या मापावर ठेवते आणि कात्रीने कापते. पानावर तंबाखूची चिमूट पसरते. दोन बोटांच्या एका वळशात विडी वळते, दोऱ्याचा वेढा बसतो, तोंड मुडपले जाते, आणि हे सर्व होत असताना ती शेजारणीशी बोलत असते. हजार विड्यांवर मजुरी. पाने वजनावर मिळतात. ती फाटकी निघाली आणि भरती पुरी झाली नाही तर पदरची पाने विकत आणून भर घालावयाची. संध्याकाळी मोजणीच्या वेळी काही विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढल्या जातात आणि त्यांची मजुरी बुडते. १९६६ मध्ये विडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला, त्याने काही बंदोबस्त झाला. पण ज्या पत्र्याच्या मापावर पान कापले जाते, ज्या सुपावर पाठ वाकते, त्या साध्या हत्यारांत तुला काय बदल हवा, असे तिला विचारणारा प्रॉडक्ट मॅनेजर मला अद्याप भेटलेला नाही. कारण उघड आहे. ती गिऱ्हाईक नाही. जो पैसे मोजतो त्याच्याविषयी जिज्ञासा आपोआप उत्पन्न होते. ज्याच्या हातांखालून माल जातो त्याच्याविषयी ती मुद्दाम उत्पन्न करावी लागते.

चपलेच्या धंद्यात हे थोडेफार घडले. जिला जग कोल्हापुरी म्हणते ती चप्पल अथणी, निपाणी या बाजूलाही पिढ्यान्‌पिढ्या बनत आली आहे, आणि भौगोलिक मानांकन देताना सरकारने महाराष्ट्रातील चार आणि बेळगावसह कर्नाटकातील चार असे आठ जिल्हे तीत समाविष्ट केले. सीमेच्या प्रश्नावर दोन्ही राज्यांचे एकमत झालेली ही बहुधा एकमेव बाब असावी. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले कातडे, हाताने घातलेली वेणी, आणि चालताना होणारी ती करकर. गावच्या पाटलाला ती करकर हवी असे, कारण ती त्याच्या आधी पोचून वर्दी देत असे. शहरातल्या मुलीला ती नको असते, आणि नवी चप्पल अंगठ्याला चावते ही तिची मुख्य तक्रार असते. अथणीत ‘टोहोल्ड’ या नावाखाली चर्मकार समाजातील स्त्रिया बचतगटांतून एकत्र आल्या. वेण्या घालण्याचे कष्टाचे काम आधीही त्याच करीत. पण गिऱ्हाइकाची तक्रार कारागिरांच्या तोंडावर, मधला व्यापारी वगळून, प्रथमच येऊ लागली. याउलट जून २०२५ मध्ये मिलानच्या एका प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने हुबेहूब तशीच चप्पल नुसते ‘चामड्याचे सँडल’ म्हणून मांडली. ओरड झाल्यावर तिने कोल्हापुरीचे ऋण कबूल केले, आणि जुलैमध्ये तिची माणसे कोल्हापुरात कारागिरांच्या दारी येऊन बसली. हाच प्रवास प्रदर्शनाच्या आधी झाला असता तर त्याला जिज्ञासा म्हणता आले असते.

भाषेचा प्रश्न मी शेवटी घेतो, कारण सीमाभागात तो काढला की बाकीचे विषय मागे पडतात. कर्नाटकाने ‘भूमी’ योजनेखाली जमिनीच्या उताऱ्यांचे संगणकीकरण देशात फार लवकर केले. तलाठ्याच्या मिनतवाऱ्या कमी झाल्या, ही मोठी गोष्ट होती, आणि तिचे श्रेय दिलेच पाहिजे. परंतु खिडकीवर हाती पडलेला तो कानडी कागद घेऊन, तो वाचून दाखविणारा कोणी भेटतो का म्हणून मामलेदार कचेरीच्या आवारात इकडेतिकडे पाहणारा मराठी म्हातारा मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिला आहे. त्याच्या दृष्टीने यंत्र बदलले, मध्यस्थ बदलला. मध्यस्थाची गरज बदलली नाही. यात कानडी भाषेचा काही अपराध नाही. सोलापूर-अक्कलकोटच्या बाजूला मराठी कागद हाती धरून असाच उभा राहिलेला कानडी म्हातारा आढळेल. कागद ज्याच्या हाती पडावयाचा त्याला तो वाचता येतो काय, ही चौकशी कोणत्याही राजकारणाच्या अगोदरची आहे.

आता आरंभीच्या रस्त्याकडे वळतो. किर्लोस्करांचा नांगर खपू लागला, कारखाना वाढू लागला, आणि शहराच्या नव्या वस्तीसाठी बेळगाव नगरपालिकेला नेमकी तीच जागा हवी झाली. कारखाना हलविण्याचा हुकूम निघाला. जागा हवी आहे एवढेच नगरपालिकेच्या दप्तराला ठाऊक होते. त्या जागेवर काय घडते आहे, ते गेले तर शहराचे काय जाईल, याची चौकशी त्या दप्तराला कधी करावीशी वाटली नाही. ती औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी केली. आपल्या संस्थानातील कुंडल रोड स्टेशनाजवळची बत्तीस एकर जमीन, निवडुंगाने भरलेली आणि सापांनी गजबजलेली, त्यांनी देऊ केली आणि दहा हजार रुपयांच्या कर्जाचीही सोय लावून दिली. १९१० मध्ये नांगराच्या कारखान्याने बेळगाव सोडले. त्या स्टेशनाचे नाव आज किर्लोस्करवाडी आहे; बेळगावला रस्ता राहिला.